वाहन चालवणाऱ्याचे नाव

सोमवार, ३ जून २०२४

लायसन्स आलं. पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते. हात धुवून तिथेच फोडलं. फोटोत मी घाबरलेली दिसते, पण नाव स्वच्छ छापलंय. जया धम्मरत्न मुनेश्वर, राजूर, तालुका वणी.

ड्रायव्हिंग क्लासच्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आज काय चुकलं ते रोज वहीत लिहा, म्हणजे तीच चूक दोनदा होत नाही. क्लास संपला, लिहायची सवय राहिली. म्हणून दीपाने दिलेली ही कोरी डायरी काढली. दीपा आमची मुलगी, नागपूरला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. तिच्याकडे औषधवाल्यांच्या डायऱ्या येतात.

सत्तेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकायची मला काही हौस नव्हती. ह्यांनी खदानीत सव्वीस वर्षं डंपर चालवला. मागच्या वर्षी शुगरने उजवा डोळा गेला, डाव्यानेही धुरकट दिसतं. खदानीने ह्यांना स्टोअरमध्ये बसवलं. लायसन्सची मुदत संपली आणि डॉक्टरांनी नव्यासाठी सही दिली नाही. आमची पांढरी गाडी आठ महिने दारात ताडपत्रीखाली उभी होती. दर महिन्याला डोळ्याच्या इंजेक्शनसाठी चंद्रपूर गाठायचं तर कुणाला तरी विनवायचं. एक दिवस मीच ताडपत्री ओढून काढली आणि वणीला जाऊन क्लास लावला.

संध्याकाळी ह्यांना लायसन्स दाखवलं. डोळ्यापाशी धरून खूप वेळ पाहिलं. म्हणाले, "फोटो बरोबर नाही आला." बास. एवढंच.

शुक्रवार, १४ जून

चुका: वणीच्या टिळक चौकात गाडी दोनदा बंद पडली. मागच्या ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला तर मी हात वर करून माफी मागितली. माफी मागताना क्लच सुटला.

ह्यांचं एक कळत नाही. वणीहून परत येताना ह्यांना राजूरच्या नाक्यावरच चहा लागतो. घर तिथून पाच मिनिटांवर. घरी चहा करून देते म्हटलं तर नको. नाक्यावर ह्यांच्या शिफ्टमधले सगळे बसलेले असतात, त्यांच्या नेमकं समोर गाडी उभी करायला लावतात. आणि म्हणतात, "अशी नाही. रिव्हर्स घेऊन लाव." सगळ्यांच्या देखत माझी परीक्षा घ्यायची काही गरज आहे का? घाम फुटतो. आज मात्र एका दमात लागली.

मंगळवार, २ जुलै

ह्या महिनाअखेरीला गाडीच्या विम्याची मुदत संपते. आजवर तो सगळा कारभार ह्यांचा. आज मीही गेले. वणीला बसस्टँडमागे इंद्रजीत राठोडचं ऑफिस आहे. तो आमचा विमा सात-आठ वर्षं करतो.

मनात एक धाकधूक होती, ती आधीच विचारून टाकली. "भाऊ, आता गाडी मी चालवते. मी नवशिकी, त्यात बाई. विमा महाग होईल का?"

इंद्रजीत हसला नाही, हे मला आवडलं. त्याने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "ताई, यात बाई की माणूस याच्यावर पैसे ठरतच नाहीत. एखादी कंपनी बायांना थोडीशी सूट देते म्हणतात, आमच्याकडे तीही नाही." मग त्याने समजावून सांगितलं. दुसऱ्याचं नुकसान भरून द्यायचा जो विमा असतो, तो इंजिन केवढं आहे त्यावर, आणि त्याचा दर सरकार ठरवतं. आपल्या गाडीचा जो विमा, तो गाडीची आजची किंमत किती, गाडी किती जुनी, मुंबई-पुण्यासारख्या गावातली की इकडची, यावर. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मागच्या वर्षांत क्लेम घेतला का. ह्यांनी इतक्या वर्षांत एकदाही घेतला नाही, म्हणून गाडीच्या विम्यावर पन्नास टक्के सूट आहे.

मी खूश झाले. ह्यांच्या सव्वीस वर्षांच्या चालवण्याचं काहीतरी माझ्या कामाला येतंय असं वाटलं.

मग ह्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "इंद्रजीत, गाडी चालवताना हिले काही झालं तं?"

"मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा असतो नं भाऊ. पण तो ज्याच्या नावावर गाडी आणि ज्याच्याजवळ लायसन्स, त्यालाच. गाडी तुमच्या नावावर, लायसन्स ताईंजवळ. म्हणजे तसं पाहिलं तर दोघांनाही नाही."

"अन् गाडी हिच्या नावानं केली तं?"

"तर ताईंना मिळतो. पण मग ती पन्नास टक्के सूट जाते. सूट गाडीची नसते भाऊ, माणसाची असते. ताईंना शून्यापासून सुरुवात करावी लागेल."

मी लगेच म्हटलं, मग राहू द्या आहे तसंच. आज नाक्यावर हे चहालासुद्धा थांबले नाहीत.

शुक्रवार, ५ जुलै

सकाळी उठले तर हे ओट्यावर चष्मा आणि भिंग घेऊन बसलेले. पुढ्यात गाडी माझ्या नावावर करायचे फॉर्म. सही केलेली होती. मोठी, वाकडी, रेषेच्या खाली गेलेली.

मी खूप समजावलं. अहो, पन्नास टक्के सूट जाते. तुमच्या नावावर राहिली तर काय बिघडतं? म्हणाले, "आता मले कागद वाचता येत नाही. ज्याले वाचता येते त्यानं सांभाळावं." म्हटलं, कागद मी सांभाळते की, नाव तुमचंच राहू द्या. तर म्हणाले, "तू सही कर. वाद नको घालू."

का अडून बसले काही कळत नाही. मला तर वाटतं, जी वस्तू आपल्याला वापरता येत नाही ती डोळ्यासमोर आपल्या नावावर नको, असं झालं असावं. मी सही केली. वाईट वाटलं.

मंगळवार, ३० जुलै

काल आरसी आली, आज विमा झाला. दोन्हीवर माझं नाव. सवलतीच्या रकान्यात शून्य. इंद्रजीत म्हणाला, "वर्षभर क्लेम नाही घेतला तर पुढच्या साली वीस टक्के. मग वाढत जाते." मी शून्याकडे पाहत राहिले. सव्वीस वर्षं अंगणवाडीत काम केलं, घर चालवलं, ह्यांची दुखणी काढली. आणि कागदावर मी आज जन्मले.

रविवार, २२ सप्टेंबर

एकटी मारेगावला जाऊन आले. मामेबहिणीकडे बारसं होतं. हे आले नाहीत, मुद्दाम म्हणाले, "तूच जा." जाताना सगळ्या काचा बंद होत्या. येताना काच खाली करून आले.

चुका: नाही. मास्तर म्हणायचे असं कधी लिहायचं नाही. पण नाहीत.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सगळं जसं झालं तसं लिहिते.

ह्यांना इंजेक्शन देऊन चंद्रपूरहून येत होतो. दुपारचे चार. राजूर फाट्याला उजवीकडे वळायचं असतं. मी उजवा इंडिकेटर दिला. गाडी हळू केली. आरशात पाहिलं, मागे एक कोळशाचा ट्रक, पण लांब. समोरून कापसाचा ट्रॅक्टर येत होता, त्याला जाऊ दिलं. मग वळवली. तेवढ्यात तो ट्रक उजवीकडून ओव्हरटेक करत आला आणि आमच्या उजव्या बाजूला घासत गेला. आरसा गेला, दोन्ही दारं आत दबली, पुढचं चाक वाकडं झालं. काचेचा चुरा माझ्या ओटीत. ह्यांचा उजवा डोळाच नाही, त्यांना ट्रक दिसलाच नव्हता. त्यांना फक्त आवाज आला. त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, "हायेस नं?"

माझं दार उघडेना. हे त्यांच्या बाजूने उतरले, मग मी त्यांच्या सीटवरून सरकत उतरले. तोवर माणसं जमली. ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून ओरडत होता, "अचानक वळवली, अचानक वळवली." कोणीतरी मला पाहून म्हणालं, "बाई होती का गाडीवर? मग झालंच." दुसरा म्हणाला, "बायाइले देतातच कायले गाडी."

तेव्हा हे पुढे झाले. छाती काढून म्हणाले, "गाडी मी चालवत होतो. काय बोलायचं ते मले बोला."

सगळे गप्प झाले. नाका तिथून जवळच, जमलेल्यांतले अर्धेअधिक ह्यांना ओळखतात. सव्वीस वर्षं डंपर चालवलेला माणूस.

मीही गप्प राहिले.

पोलीस आले, गाड्यांचे नंबर लिहून घेतले, लागलं कुणाला नाही ना, मग आपसात पाहा म्हणाले आणि गेले. गाडी टोचन करून वणीच्या गॅरेजला पाठवली.

ह्यांना माझी एवढी लाज वाटली का? बायको चालवत होती हे चार लोकांत सांगता आलं नाही? आणि मी का बोलले नाही? ह्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. कारण त्या माणसांच्या बोलण्यातून सुटका झाली म्हणून मला बरं वाटलं होतं. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

मास्तरांची शिकवण म्हणून: चूक. आरशात एकदा पाहिलं होतं, ट्रॅक्टर येण्याआधी. ट्रॅक्टर गेल्यावर, वळवण्याआधी, दुसऱ्यांदा पाहिलं की नाही हे मला आठवत नाही. रात्रभर आठवून पाहिलं.

इंद्रजीतकडे क्लेमचा फॉर्म भरायला गेले. एकटी, एसटीने. त्याला कालची सगळी हकीकत सांगितली. हे लोकांसमोर काय बोलले तेही. त्याने कपाळाला हात लावला. "भाऊंजवळ लायसन्स नाही. ते चालवत होते असं ठरलं तर कंपनी एक रुपया देणार नाही. वर दुसरीच भानगड."

"पण चालवत तर मी होते."

"ते मला पटतं ताई. नुकसान तपासायला कंपनीचा सर्व्हेअर येईल, त्याला पटलं पाहिजे."

फॉर्ममध्ये एक रकाना आहे. वाहन चालवणाऱ्याचे नाव. मी पेन टेकवला आणि माझं पूर्ण नाव लिहिलं. अंगणवाडीच्या रजिस्टरात वर्षानुवर्षं दुसऱ्यांची नावं लिहिली, बाळाचं नाव, आईचं नाव, वजन, लस. एवढ्या दाबून मी कधी लिहिलं नव्हतं. कागदाच्या मागून अक्षरं हाताला लागत होती.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं, मी माझं नाव लिहून आले. हे भिंतीकडे तोंड करून बसले.

सोमवार, १८ नोव्हेंबर

ट्रकमालकाचा मुनीम घरी आला. गोड बोलणारा. म्हणाला, दहा हजार देतो, क्लेम मागे घ्या, आमच्या ट्रकचं नाव कुठे येऊ देऊ नका. एक कागद लिहून आणलेला होता. त्यात लिहिलं होतं, चूक आमच्या गाडीची होती आणि आमची तक्रार नाही.

मी म्हटलं, "चूक आमची, मग पैसे तुम्ही का देता?"

तो हसला. मग ह्यांच्याकडे वळला. "भाऊ, तुम्हीच तर म्हणले नं फाट्यावर, मी चालवत होतो म्हणून. पंचवीस माणसांनी ऐकलं. तुमचा डोळा असा. उद्या सर्व्हेअर आला अन् कोणी सांगितलं तं क्लेम तं जाईलच. तुमची नोकरी अजून हाय नं?"

ह्यांचं तोंड उतरलं. मी ह्यांना एवढं खाली पाहताना ह्या डोळ्याच्या दुखण्यातसुद्धा पाहिलं नव्हतं. हे हळूच म्हणाले, "जया, घेऊन टाक पैसे. माह्यानं चूक झाली."

खरं सांगते, मलाही वाटलं घ्यावे. दहा हजार हातात, क्लेम नाही म्हणजे पुढच्या वर्षी माझी वीस टक्के सूटही शाबूत. सगळा हिशोब त्या कागदाच्या बाजूने होता. पण तो कागद परत वाचला. त्यात माझं नावच नव्हतं. 'गाडीच्या चालकाने निष्काळजीपणे', एवढंच होतं. मी एकदा आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, ट्रॅक्टरला जाऊ दिलं, ह्याला निष्काळजीपणा म्हणायला मी तयार नाही.

मुनीमाला म्हटलं, "चहा घ्या, आणि कागद घेऊन जा."

चहा न घेता गेला.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

आज सर्व्हेअर आले. हिरासिंग चव्हाण, यवतमाळचे. साठीला आलेले, उन्हाने करपलेले, बोलणं कमी. वणीच्या गॅरेजला बोलावलं होतं. मी आणि हे दोघंही गेलो. ह्यांना मी नको म्हटलं होतं, तरी आले.

चव्हाणसाहेबांनी आधी दारं पाहिली, चाक पाहिलं, फोटो काढले. मग मला विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

"मी."

"मी येताना राजूरच्या नाक्यावर थांबलो होतो. तिथे चार जणांनी सांगितलं, तुमचे मिस्टर स्वतः म्हणाले की मी चालवत होतो."

मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "म्हटलं होतं साहेब. खोटं म्हटलं."

"का?"

हे म्हणाले, "मी सव्वीस वर्षं खदानीत होतो. एखाद्या बाईकडून काही झालं तं पब्लिक कशी बोलते, मले मालूम हाय. हे नुकतीच शिकली. थ्या दिवशी तिले बोलले असते तं तिनं पुन्हा गाडीले हात लावला नसता. मले बोलले असते तं काय, माह्यं आता चालवायचं राह्यलं काय?"

मी गॅरेजच्या भिंतीवरच्या टायरांकडे पाहत राहिले. डोळ्यात पाणी येऊ दिलं नाही. सरकारी माणसासमोर रडायचं नाही असं मी आधीच ठरवलेलं होतं. (ते सरकारी नसतात, हे नंतर इंद्रजीतने सांगितलं.)

चव्हाणसाहेबांनी मान हलवली, पण लिहिलं काही नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली. मग डाव्या दारातून आत डोकावले. आणि गॅरेजवाल्याला विचारलं, "ही पुढची सीट कोणी हलवली का?"

"नाही साहेब. दार दबलंय, सीटचा रूळच अडकलाय. आली तेव्हापासून तशीच."

"भाऊ," ते ह्यांना म्हणाले, "जरा आत बसा. स्टेअरिंगवर."

हे डाव्या दारातून शिरले आणि सरकत सरकत माझ्या जागेवर जायला लागले. हे सहा फुटाला दोन बोटं कमी. मी पाच फूटसुद्धा नाही. सीट पार पुढे ओढलेली, वर माझी जुन्या लुगड्याची शिवलेली उशी. ह्यांचा एक गुडघा स्टेअरिंगखाली अडकला, दुसरा वर आला, डोकं टपाला लागलं. धड आत जाता येईना, धड बाहेर येता येईना. गॅरेजमधले लोक हसायला लागले. हेसुद्धा हसले. चव्हाणसाहेब हसले नाहीत. त्यांनी आतल्या आरशाचा फोटो काढला, उशीचा काढला, सीटचं अंतर टेपने मापून त्याचाही काढला.

मग माझ्याकडे वळले. "आरशात पाहिलं होतं?"

ह्यांनी माझ्याकडे पाहून हलकेच मान हलवली. हो म्हण, असं. मी म्हटलं, "एकदा पाहिलं होतं. ट्रक लांब होता. वळवायच्या आधी दुसऱ्यांदा पाहिलं की नाही, मला खात्री नाही."

"हे लिहू?"

"लिहा."

त्यांनी लिहिलं. मग पेन खिशाला लावून म्हणाले, "बाई, तुमच्या गाडीच्या नुकसानीचा विमा चूक कोणाची होती यावर अडत नाही. खोटं निघालं की अडतो. बाई चालवत असली की कितीतरी घरं या रकान्यात नवऱ्याचं नाव घालतात, आणि मग तिथेच फसतात. इकडच्या भागात मी या रकान्यात बाईचं नाव फार कमी वेळा पाहिलं."

घरी येताना एसटीत हे खिडकीशी बसले होते. मी म्हटलं, "मला वाटलं होतं तुम्हाला लाज वाटली."

"कायची?"

"माझी."

हे माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू मी दुसऱ्याच कुठल्या भाषेत बोलले. मग म्हणाले, "काय वो तू." आणि पुन्हा बाहेर.

शनिवार, ३० नोव्हेंबर

फाट्यावर रुक्माबाई बसते. पलीकडच्या तांड्यावरची, सीताफळं, बोरं, हरभरा, जे निघेल ते विकते. आज तिच्याकडून बोरं घेत होते तर म्हणाली, "तुह्या विम्याचा माणूस माह्याकडंही आलता."

"काय विचारलं?"

"कोण चालवत होतं म्हणे. म्या सांगितलं, हे बुटकी बाई चालवते. रोज पायतो मी. नवरा बाजूला बसते. थ्या दिवशी लाइट लुकलुकत होता तिचा, ट्रकवालाच घुसला. म्हणे, तू पाह्यलं? म्हटलं, मी इथं बोरं इकतो का डोळे मिटून?"

मी विचारलं, "त्या दिवशी का नाही बोललीस, सगळे जमले होते तेव्हा?"

"तूच कुठं बोलली," रुक्माबाई म्हणाली आणि ओंजळभर बोरं वरून टाकली.

गुरुवार, १२ डिसेंबर

क्लेम मंजूर. पत्र माझ्या नावाने आलं. पूर्ण खर्च मिळणार नाही, गाडी जुनी म्हणून प्लास्टिकचे अर्धेच आणि पत्र्याचेही कमी धरतात. उरलेलं आम्ही घालणार. पण पत्रात एक ओळ आहे: वाहन चालवणाऱ्या श्रीमती जया धम्मरत्न मुनेश्वर यांच्याकडे अपघातसमयी वैध परवाना होता.

दीपाला फोनवर ती ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, "आई, हळू वाच, परत वाच." तीनदा वाचली.

नाक्यावरच्या सगळ्यांना आजच ही बातमी कशी कळली काय माहीत. पत्र दुपारी आलं, संध्याकाळी किराणा आणायला गेले तर चहावाला म्हणतो, "काकू, मंजूर झालं म्हणते नं?" हे दुपारी थोडा वेळ फिरून येतो म्हणून गेले होते, त्यांनाही विचारलं, तर म्हणे मले काय माहीत.

बुधवार, १ जानेवारी २०२५

गाडी आली. दाराचा रंग थोडा वेगळा लागलाय, नीट पाहिलं तर कळतं. फाट्याला इंडिकेटर दिला. आरशात दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदाही पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

सोमवार, २८ जुलै

विम्याचं नूतनीकरण. इंद्रजीत हळहळला. "ताई, क्लेम नसता तर आज वीस टक्के सूट होती. आता पुन्हा शून्य."

मी म्हटलं, "असू दे." मनापासून म्हटलं. त्या क्लेमची किंमत गेलेल्या सवलतीत मोजता येत नाही.

त्याच्या टेबलासमोर एक तरुण शिक्षिका बसलेली होती, अंजू नावाची. राळेगावकडची. बदली होऊन वणीला आलेली, तिने सेकंडहँड गाडी घेतली होती आणि ती म्हणत होती, आधीच्या मालकाची पन्नास टक्के सूट आहे, गाडीबरोबर मलाही मिळेल असं त्याने सांगितलं. इंद्रजीत बोलायच्या आत मी म्हटलं, "ती सूट त्याची आहे ताई, गाडीची नाही. तुमची तुम्हाला कमवावी लागेल. आणि आधी गाडी तुमच्या नावावर करून घ्या, नाहीतर काही झालं तर तुम्हालाच काही मिळत नाही." तिने वही काढून लिहून घेतलं. मग विचारलं, आपल्याला बायांना जास्त लागतात का हो? म्हटलं, नाही. ह्या फॉर्मात ते विचारतसुद्धा नाहीत. लोक विचारतात.

हे सांगताना माझ्याच तोंडून निघालेलं एक वाक्य माझ्या कानात राहिलं. काही झालं तर तुम्हालाच काही मिळत नाही. मागच्या जुलैमध्ये हे इथेच, ह्याच खुर्चीवर बसून विचारत होते, हिले काही झालं तं. आणि तीन दिवसांनी सकाळी ओट्यावर भिंग घेऊन ते फॉर्म. मी त्या दिवशी काय काय लिहिलं होतं! मला वाटलं, वापरता येत नाही ती वस्तू ह्यांना आपल्या नावावर नको.

मग मी इंद्रजीतला विचारलं, "चालवणाऱ्याचा अपघात विमा झाला. बाजूला बसणाऱ्याचा असतो का?"

"असतो नं. प्रवाशांचा. वेगळे थोडे पैसे पडतात."

"तो घाला."

हे बाजूलाच बसले होते. "कायले? मी काय करतो, नुसता बसून तं राह्यतो."

"बसून राहता म्हणूनच," मी म्हटलं.

इंद्रजीतने खाली पाहून टाइप करायला सुरुवात केली.

शनिवार, २ ऑगस्ट

दीपाला भेटायला नागपूर. आजवरचं माझं सगळ्यात लांबचं चालवणं. सकाळी सहाला निघालो, वरोऱ्यापासून मोठा रस्ता. ट्रकच्या रांगा होत्या, पण रस्ता रुंद. मी डावीकडची लेन धरून साठने चालवली. जांबला थांबून पोहे खाल्ले.

जांबनंतर ह्यांच्याशी दोन-तीनदा बोलले, उत्तर नाही. पाहिलं तर झोपलेले. मान खिडकीकडे टाकून, तोंड थोडं उघडं. थेट बुटीबोरीच्या पुढे जाग आली. मला जरा रागच आला. मी एवढी पहिल्यांदा नागपूरला गाडी नेतेय, आणि हे खुशाल झोपले. सव्वीस वर्षांत डंपरवर काय, दुसऱ्याच्या गाडीतसुद्धा ह्यांचा डोळा कधी लागला नाही, दुसरा कोणी चालवत असला की हे रस्त्यावरून नजर काढत नाहीत. आजच कशी झोप आली कोण जाणे. वय झालं म्हणायचं.

नागपूरच्या गर्दीत घुसताना म्हणाले, "आलं काय नागपूर?" म्हटलं, आलं. म्हणाले, "रस्ता लवकर सरला."

दीपा फाटकात उभी होती. गाडी तिच्या दारात रिव्हर्स घेऊन लावली. एका दमात.

चुका: मला तरी आठवत नाहीत. बाजूच्याला विचारावं, तर तो झोपला होता.